तापलेले इंजिन आणि विहिरीचे पाणी
(भैंसा परिसरातील यंत्रयुगाच्या इतिहासाचे एक पान)



मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाला स्मृतिव्याख्यानासाठी बोलावले म्हणजे तो संतवाङ्मयावर बोलणार, फार तर एखाद्या शिलालेखावर बोलणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. माझा प्रबंध महानुभाव गद्यावर होता आणि तीस वर्षे मी तेच शिकवीत आलो. त्यामुळे ही अपेक्षा रास्तच आहे. तरीही आज मी बोलणार आहे तापलेल्या इंजिनावर. ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ हे व्याख्यान आहे ते या शाळेत पदार्थविज्ञान शिकवीत. काचेच्या नळीत तांबड्या रंगाचे कण टाकून, खाली दिवा लावून, तापलेले पाणी वर जाते व गार पाणी खाली येते हे त्यांनी आम्हांस दाखविले होते. परीक्षेत तो प्रश्न आला, मी आकृती काढली, पूर्ण गुण मिळाले. त्या आकृतीचा आमच्या विहिरीवरील इंजिनाशी काही संबंध असेल, हे मात्र माझ्या मनात आले नाही. त्याची किंमत काय पडली ते पुढे येईलच.

प्रथम स्थळाविषयी. भैंसा हे गाव जागचे हललेले नाही. त्याचे जिल्हे मात्र बदलत गेले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा किनवट व राजुरा हे आदिलाबाद जिल्ह्यातील तालुके मुंबई राज्याकडे गेले आणि नांदेड जिल्ह्याच्या मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही तीन मंडळे आंध्र प्रदेशाकडे आली. भैंसा आदिलाबाद जिल्ह्यात गेले. २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य झाले आणि ऑक्टोबर २०१६ पासून आपण निर्मल जिल्ह्यात आहोत. नकाशावर रेषा कशाही फिरोत, तिच्या दोन्ही बाजूंची माती एकच राहिली : काळी, कापसाची, पोटात चुनखडीचे खडे बाळगणारी. माझ्या विषयाचे मूळ या मातीतच आहे.

इंजिन येण्यापूर्वी विहिरीवर मोट होती. मोट म्हणजे कातड्याची पिशवी एवढेच नव्हे. ती एक पूर्ण भाषा होती. वरचा जाड दोर तो नाडा, सोंडेला बांधलेला बारीक दोर तो सोंदूर, बैल ज्या उतारावरून जात ती धाव, पाणी ओतले जाई ते थारोळे. बैलांना धावेवर हाकताना म्हणावयाची गाणी होती. मोटेचा कोणता भाग बिघडला हे शेतकऱ्याच्या पाच वर्षांच्या मुलालाही सांगता येई, कारण प्रत्येक भागाला नाव होते व प्रत्येक भाग उघड्यावर दिसत होता. इंजिनाचे तसे नव्हते. त्याच्या पोटात काय चालले आहे ते दिसत नव्हते आणि ज्या शब्दांनी ते सांगावयाचे ते शब्दही आपल्याजवळ नव्हते.

रुडॉल्फ डिझेल याचे पहिले यशस्वी इंजिन जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे १८९७ मध्ये चालले. त्यापूर्वी १८९३ मध्ये त्याने जे प्रायोगिक यंत्र उभारले होते, त्याच्या सिलिंडरभोवती पाणी खेळविण्याची सोयच नव्हती. पाण्याबरोबर जाणारी उष्णता म्हणजे वाया गेलेली शक्ती, ती वाचवावी, असा त्याचा हिशेब होता. हिशेब कागदावर बरोबर होता. लोखंडाला मात्र तो सोसवला नाही, आणि पुढच्या यंत्राला पाण्याचे आवरण द्यावेच लागले. जळणातून निघालेल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा कामी येतो, तेवढीच धुराबरोबर जाते आणि उरलेला जवळजवळ तिसरा हिस्सा थंड करणाऱ्या पाण्याला वाहून न्यावा लागतो. हा शेवटचा वाटा बाहेर पडला नाही, तर तो धातूतच साचतो. दट्ट्या फुगतो, तेल पातळ होऊन जळते, आणि अखेरीस दट्ट्या सिलिंडरला धरून बसतो. आपले मिस्त्री याला 'इंजिन धरले' म्हणतात. इंग्रजीत यासाठी जो शब्द आहे त्यापेक्षा हा मला अधिक नेमका वाटतो.

इंग्लंडातील लिस्टर कंपनीचे सावकाश फिरणारे, जड चाकाचे इंजिन १९२९ मध्ये बाजारात आले व पुढे त्याच्या असंख्य प्रतिकृती राजकोटच्या कारखान्यांतून निघाल्या. आपल्याकडे सातारा रोड येथील कूपर यांच्या कारखान्याने १९३० च्या दशकात डिझेल इंजिने घडविली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसविली होती. त्यांच्या पुढच्या पिढीने, शंतनुरावांनी, १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे ऑइल इंजिनांचा स्वतंत्र कारखाना काढला. स्वातंत्र्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत ही यंत्रे विहिरीविहिरीवर पोहोचली. त्यांचे टुक्-टुक् रात्री दोन कोसांवरून ऐकू येई. ज्याच्या विहिरीवर इंजिन बसे तो मोटेचे बैल विकून टाकी, कारण इंजिनाचा हप्ता आणि बैलांची वैरण ही दोन्ही एका कुळाला पेलणारी नव्हती.

मोटारीचे इंजिन मात्र आपल्या भागात त्याआधी आले. निजामाच्या सरकारने १९३० मध्ये रेल्वे आपल्या ताब्यात घेतली आणि त्या रेल्वेच्याच मार्ग परिवहन खात्याने जून १९३२ मध्ये २७ बसगाड्या व १६६ कर्मचारी घेऊन सार्वजनिक वाहतूक सुरू केली. सुरुवातीच्या या गाड्या स्कॉटलंडच्या आल्बियन कंपनीच्या होत्या. हैदराबाद संस्थानातील ही सरकारी बससेवा मुंबई राज्याच्या एस. टी.हून सोळा वर्षांनी ज्येष्ठ आहे. पुणे–अहमदनगर मार्गावरील पहिली एस. टी. धावली ती १ जून १९४८ रोजी. मराठवाड्यातील माणसाला एस. टी.चा अभिमान असतो, तो असावाच. पण आपले आजोबा त्याआधी रेल्वेच्या बसमध्ये बसले होते, हेही ध्यानात असू द्यावे. पुनर्रचनेनंतर नांदेडकडील गाड्या मुंबई राज्याच्या महामंडळाकडे गेल्या आणि आपल्या बाजूला जानेवारी १९५८ मध्ये आंध्र प्रदेशाचे महामंडळ स्थापन झाले. गाड्यांचे रंग व पाट्या बदलल्या, पण रस्ते आणि रस्त्यांकडेच्या विहिरी त्याच राहिल्या.

या विहिरींचा मोटारीच्या इतिहासाशी निकटचा संबंध आहे. निर्मलहून आदिलाबादकडे जाताना महबूब घाट लागतो. चढावर गाडी खालच्या गिअरमध्ये, म्हणजे इंजिन वेगाने व चाके मंद, अशा स्थितीत चालते. उष्णता भरपूर निर्माण होते आणि समोरून येणारा वारा मात्र कमी पडतो. अशा ठिकाणी गाडी थांबवून, फडके गुंडाळून टोपण उघडून, वाफेचा लोट अंगावर न येईल अशा बेताने बाजूला होणारा चालक मी लहानपणी अनेकदा पाहिला आहे. क्लीनर डबा घेऊन पाण्याच्या शोधात धावे. उतारू खाली उतरून झाडाखाली बसत. पाणी येई, ते ओतले जाई, गाडी निघे. उपाय झाला अशी सर्वांची समजूत होई. मला आज जे सांगावयाचे आहे ते एवढेच, की तो उपायच पुष्कळदा रोगाचे कारण असे.

हे कसे, ते पाहण्यासाठी पाण्याचा मार्ग पाहावा लागेल. सिलिंडरभोवती ओतीव लोखंडाची दुसरी भिंत असते. दोन भिंतींमधल्या पोकळीला 'जाकीट' म्हणतात. अंगरख्यावर घालावयाचे जाकीट ते हेच, फक्त ते पाण्याचे. तेथे तापलेले पाणी वर चढते, रेडिएटरच्या वरच्या टाकीत जाते, बारीक नळ्यांतून खाली उतरताना वाऱ्याने गार होते व खालच्या नळीने परत इंजिनात येते. गुरुजींच्या काचेच्या नळीत घडत होते तेच हे अभिसरण. पुढे त्याला वेग देण्यासाठी पट्ट्यावर फिरणारा पंप आला. नळ्या जितक्या अधिक व बारीक, तितका वाऱ्याचा स्पर्श अधिक. विल्हेल्म मायबाख याने १९०० च्या सुमारास मर्सिडीझ गाडीसाठी मधाच्या पोळ्यासारखा जो रेडिएटर रचला त्यात आठ हजारांहून अधिक नळ्या होत्या. मराठी वैज्ञानिक परिभाषेत रेडिएटरला 'प्रारक' म्हटले जाते. प्रारण म्हणजे किरणोत्सर्जन. वस्तुतः रेडिएटर आपली बहुतेक उष्णता किरणांनी नव्हे तर वाऱ्याच्या झोतात टाकतो. म्हणजे इंग्रजी नाव मुळात चुकले आणि आपण त्या चुकीचे इमानाने संस्कृत केले. असो.

नळी बारीक असणे हा रेडिएटरचा गुण, आणि तोच त्याचा धोका. भैंशाच्या परिसरात ही नळी दोन्ही बाजूंनी कोंडते. बाहेरून कोंडते कापसाने. हंगामात कापूस वाहणारा ट्रक किंवा जिनिंगच्या आवारात उभा असलेला ट्रॅक्टर पाहावा. त्याच्या जाळीवर रुईचे तंतू, धूळ आणि तेलकटपणा यांचा थर नमद्यासारखा बसलेला दिसेल. पंखा वारा ओढतो, वाऱ्याबरोबर रुई येते, रुई पापुद्र्यांत अडकते आणि मग वाराच थांबतो. हा दोष डोळ्यांना दिसतो. आतल्या बाजूने, म्हणजे इंजिनाकडून बाहेर, पाण्याची किंवा हवेची धार मारली की तो निघतो. समोरून धार मारणारा मनुष्य तीच रुई आणखी आत ठोकतो.

आतून कोंडते ते चुन्याने, आणि हा दोष दिसत नाही. आपल्या विहिरींचे पाणी काळ्या दगडातून व चुनखडीच्या मातीतून झिरपत येते. त्यात विरघळलेले क्षार पाणी गार असेतो विरघळलेलेच राहतात. पाणी तापले की त्यांतील चुना सुटा होऊन तापलेल्या पृष्ठावर बसतो. अगोदर पांढुरकी झिलई, मग कागदाएवढा पापुद्रा, मग खपली. लोखंडातून उष्णता सहज पार होते. या खपलीतून ती फार कष्टाने जाते. म्हणजे जाकिटात पाणी असते, ते गारही असते, पण त्याची व धातूची भेटच होत नाही. आणि येथे पाणी ओतण्याचा प्रश्न येतो. जाकिटातले पाणी एकदा तापून त्याचा चुना बसला, की त्या पाण्यापुरता हिशेब संपतो. तेच पाणी फिरत राहिले तर नवी खपली बसण्याचे कारण उरत नाही. परंतु प्रत्येक वेळी ताजे विहिरीचे पाणी ओतले, की त्याबरोबर ताजा चुना आत जातो. इंजिन तापते म्हणून पाणी ओतावयाचे, आणि ओतलेल्या पाण्याने मार्ग आणखी अरुंद होऊन इंजिन पुन्हा तापावयाचे. घाटातला तो डबा दर खेपेस मूठभर चुना इंजिनाला चारीत होता म्हणा ना.

आगगाडीवाल्यांना हे माहीत होते. वाफेच्या एंजिनाच्या बॉयलरमध्ये अशीच खपली बसते, म्हणून ठरावीक दिवसांनी एंजिन शेडमध्ये घेऊन बॉयलर धुण्याचा नियम जगभरच्या रेल्वेत होता. हैदराबाद–मनमाड मार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आला, बासरला स्थानक झाले. तेव्हा खपलीची विद्या आपल्यापासून फार तर दहा कोसांवरून रोज शिटी वाजवीत जात होती. ती शेडमधून विहिरीवर कधी उतरली नाही.

आता माझ्या घरची हकीकत. ती सांगणे व्याख्यानाच्या शिष्टाचारात बसते की नाही, याचा मी बराच विचार केला.

आमच्या वडिलांनी, दादांनी, १९६८ मध्ये मोटेचे बैल विकून एकाच सिलिंडरचे इंजिन घेतले. त्याला टाकी नव्हती. पंपाने उपसलेल्या पाण्यातूनच एक बारीक फाटा काढून तो जाकिटात सोडला होता. दुसऱ्या तोंडातून कोमट पाण्याची धार दंडात पडे. थंडीत आम्ही भावंडे त्या धारेखाली हात शेकत असू. व्यवस्था सोपी आणि स्वस्त होती, पण आताच सांगितले त्यावरून तिच्यातला दोष ध्यानात येईल : चोवीस तास नवे पाणी आणि नवा चुना. धार दर वर्षी थोडी बारीक होत गेली. दादा फाट्याची तोटी थोडी अधिक उघडत. तिसऱ्या वर्षी ती पूर्ण उघडली होती. १९७२ चा पाऊस गेला. १९७३ च्या माघात विहिरीने तळ दाखवावयास सुरुवात केली आणि पंप पाण्याबरोबर गाळही ओढू लागला. गहू ओंबीवर होता. मी नांदेडहून सुट्टीत आलो होतो, बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. दादा दारे धरावयास गेले आणि इंजिनाजवळ मला बसविले. माझ्या हातात पुस्तक होते.

धार कधी थांबली ते मला कळले नाही. आवाज बदलला तो कळला. ठोक्यात एक कोरडा खणखणाट आला, आणि जळक्या रंगाचा वास सुटला. मी उठून पाहिले तर वरचे हेड हात लावू देईना. मी थारोळ्यातली बादली भरली आणि गार पाणी त्यावर ओतले. सुपारी फुटावी तसा एक बारीक आवाज झाला. एवढेच. इंजिन आणखी काही क्षण चालून थांबले.

ओतीव लोखंड तापलेले असताना एका जागी एकाएकी गार झाले, की तेवढाच भाग आकसतो व भोवतालचा आकसत नाही; ते तडकते. मला आकुंचन-प्रसरणाचा नियम पाठ होता. दादा मला काही बोलले नाहीत. नवे हेड नांदेडहून यावयास सतरा दिवस लागले. मोटेला बैल नव्हते. गहू उभा वाळला. हप्ता चुकला, हेडसाठी नवे कर्ज झाले, आणि माझे महाविद्यालयाचे शेवटचे सत्र पुरे व्हावे म्हणून धाकट्या भावाला नववीतून काढले. तो याच शाळेत शिकत होता. गणितात तो माझ्यापेक्षा सरस होता, हे येथे बसलेल्या त्याच्या वर्गमित्रांना माहीत आहे.

इंजिन उघडावयास भैंशाहून एक वयस्क मिस्त्री आले. आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. 'मिस्त्री' हा शब्द पोर्तुगीज 'मेस्त्रे'पासून आला, त्याचा अर्थ उस्ताद. चाचा दोन्ही अर्थांनी मिस्त्री होते. त्यांची बोली दखनी, मजुरांशी तेलुगू, आमच्याशी मराठी. त्यांनी जाकिटाचे झाकण काढून आत बोट फिरविले आणि बोटभर जाडीचा, बाभळीच्या सालीसारखा पांढरट तुकडा दादांच्या हातावर ठेवला. मी पाणी ओतल्याचे ऐकल्यावर म्हणाले, "पानी नक्को डालो बेटा, पहले रास्ता देखो." दखनीतला 'नक्को' हा आपल्याच 'नको'चा भाऊ, हे मला त्या क्षणीही सुचले. मन असे विचित्र असते.

मग त्यांनी जे केले ते क्रमाने सांगतो, कारण ते कोठे लिहिलेले मी वाचलेले नाही. खपलीचा मोठा भाग बोथट पटाशीने व तारेने खरवडून काढला. टोकदार छिन्नी त्यांनी वापरू दिली नाही. जेथे हात पोहोचत नव्हता तेथे मिठाचे तेजाब भरपूर पाणी घालून सौम्य करून ओतले. ते फसफसले. फसफस थांबली की ते काढून पुन्हा ताजे, असे तीन वेळा. फसफस थांबल्यावरही तेजाब तसेच ठेवले तर ते लोखंड खाऊ लागते, म्हणून धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने सर्व धुऊन काढले. त्यानंतर फाटा बंद केला आणि एक लोखंडी पिंप उंच ओट्यावर मांडून ते दोन नळ्यांनी जाकिटाला जोडले. पिंपातील पाणी वरच्या नळीच्या तोंडाखाली कधी जाऊ द्यावयाचे नाही, नाहीतर पाण्याची साखळी तुटते व अभिसरण थांबते, हे त्यांनी खुणेची रेघ मारून बजावले. गुरुजींची काचेची नळी माझ्यासमोर पिंपाच्या रूपाने उभी होती.

पिंपात पाणी कोणते भरावयाचे, हा प्रश्न राहिला. चाचा म्हणाले, पागोळ्यांचे. आभाळातून पडणाऱ्या पाण्यात चुना नसतो. पण फाल्गुनात, आणि त्या वर्षीच्या फाल्गुनात, पागोळ्या कोठल्या? तेव्हा आई मध्ये बोलली. ती म्हणाली, विहिरीचे पाणी हंड्यात उकळून, निववून, वरचे निवळ घेतले तर चालेल का? हंड्याच्या तळाशी पांढरे बसते ते हेच ना? चाचांनी मान हलविली. आईने पऱ्हाट्यांच्या जाळावर आठ दिवस पाणी उकळले आणि पिंप भरले. पाण्याच्या हंड्याला आतून जी पांढरी पुटे चढतात ती चिंचेच्या कोळाने निघतात, हे आमच्या आईला, आजीला, गावातल्या प्रत्येक बाईला माहीत होते. आंबटाने चुना सुटतो, ही रसायनशास्त्रातील तीच क्रिया. तेजाब काय, चिंच काय. स्वयंपाकघर ते विहीर हे अंतर दोनशे पावले होते. चार वर्षांत ते कोणी चालून गेले नाही, कारण इंजिनाविषयी बायकांना विचारावे असे आम्हां पुरुषांना वाटले नाही.

पुढे भाऊ चाचांच्याच हाताखाली राहिला आणि रेडिएटरच्या कामात मुरला. अठ्ठेचाळीस वर्षे त्याने ते काम केले. तांब्या-पितळेचा रेडिएटर बंद पडला, की प्रथम हात फिरवून पाहावयाचे : इंजिन तापलेले असताना जो पट्टा गार लागेल तेथल्या नळ्या कोंडलेल्या. मग वरच्या तोंडातून पाणी ओतून खालून किती जोराने पडते ते पाहावयाचे. अडथळा मऊ असेल, गंज वा गाळ असेल, तर खालून वर उलटी धार देऊन निघतो. चुना असेल तर वरच्या टाकीचा डाख वितळवून ती उतरवावयाची, एकेका नळीतून पातळ पितळी पट्टी घालून ती मोकळी करावयाची, आणि टाकी पुन्हा डाखून, पाण्यात बुडवून, हवा भरून, बुडबुडे येतात का ते पाहावयाचे. कल्हईवाल्याच्या व तांबटाच्या हाताला जी कला ठाऊक होती तीच येथे नव्या धंद्यात आली. ट्रकवाल्यांना भाऊ आधी विचारी, पाणी कोठले ओतता? औषधापूर्वी पथ्य विचारणाऱ्या वैद्याची ही रीत झाली.

इतिहासाचा अभ्यासक म्हणून मला बोचते ते असे. हैदराबादला १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघाले, त्याच्या भाषांतर विभागाने उर्दूत शास्त्रीय परिभाषा घडविली, १९२९ मध्ये तेथे अभियांत्रिकीचे महाविद्यालयही झाले. पुढे वाईला मराठी विश्वकोश सिद्ध झाला आणि अंतर्ज्वलन एंजिनावर मराठीत विद्वत्तापूर्ण लेखन झाले. हे दोन्ही उद्योग थोर होत. परंतु यांच्या मधल्या जागेत, भैंशाच्या रस्त्यावर मराठी-तेलुगू-दखनीच्या मिश्रणात जी विद्या उभी राहिली, तिची नोंद कोणी घ्यावयाची? माझ्यासारख्यांनीच. तेराव्या शतकातील एका क्रियापदासाठी मी माहूर-रिद्धपूरचे हेलपाटे घातले. सख्ख्या भावाच्या दुकानातील शब्द टिपण्यास मी गेल्या चार वर्षांतच बसलो. 'नळी मरणे' म्हणजे ती कायमची कोंडणे. 'इंजिन पाणी पिते' म्हणजे कोठेही गळत नसता पाणी कमी होणे, आणि असे झाले की हेडखालचे गास्केट तपासावयाचे. अशा सुमारे तीनशे शब्दांची वही मी आज शाळेच्या ग्रंथालयाकडे देत आहे.

उशीर झाला आहे हे खरे. विहिरींवर वीज आली, डिझेलची इंजिने भंगारात गेली. नव्या गाड्यांत अॅल्युमिनियमचे रेडिएटर आणि प्लॅस्टिकच्या टाक्या असतात; त्या डाखता येत नाहीत, बदलावयाच्या असतात. पाण्याऐवजी गंज व क्षार न धरणारे तयार शीतक द्रव्य येते. ते चांगलेच आहे. त्यात विहिरीचे पाणी मिसळणारे मात्र अजून आहेत. भावाने तीन वर्षांपूर्वी दुकान बंद केले.

हे व्याख्यान लिहून झाल्यावर मी त्याला वाचून दाखविले. माझ्या बादलीचा भाग आला तेव्हा तो म्हणाला, ते कशाला लिहिलेस, हेड आज ना उद्या जाणारच होते. नंतर त्याने एक चूक काढली. खालच्या नळीविषयी मी काहीच लिहिले नव्हते. पंप असलेल्या गाडीत खालच्या नळीतून पाणी ओढले जाते. त्या रबरी नळीच्या पोटात तारेची स्प्रिंग असते ती नळी चेपू नये म्हणून. स्प्रिंग गंजून तुटली, की इंजिन वेगात असताना नळी आत चेपते व पाणी अडते. गाडी थांबवून पाहावे तर नळी पुन्हा फुगलेली, निर्दोष दिसते. रेडिएटर साफ, पट्टा घट्ट, पाणी भरलेले, आणि गाडी फक्त चढावरच तापते, अशी तक्रार आली तर कोणाला तरी इंजिनाचा वेग वाढवावयास सांगून आपण वाकून ती नळी पाहावी. हे लिहिल्यावाचून छापू नकोस, असे त्याने सांगितले.